आबा कांबळे आणि अकरा दिवे

आबा कांबळे पेपर उलटा धरून वाचत.

लग्न होऊन मी मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत आले, त्याच आठवड्यात हे दृश्य पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी एक खोली, खोलीला दोन पायऱ्या, वरच्या पायरीवर पांढरा सदरा-लेंगा घातलेला किडकिडीत माणूस आणि त्याच्या हातात डोकं खाली, पाय वर केलेला पेपर. मला वाटलं, बिचाऱ्याला वाचता येत नसावं. सासूबाईंना तसं म्हटलंही. त्या केवढ्यांदा हसल्या!

"अगं, त्याला वाचाय येत न्हाय? त्यो वाचाय बसला की छापणाऱ्यास्नी घाम सुटतोय!"

आबा कंपोझिटर होते. एका छापखान्यात बत्तीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, जुळवणाऱ्यानं ती उलटीच वाचायची असतात. नव्वदनंतर कॉम्प्युटर आला, मालकानं खिळे भंगारात घातले आणि आबा घरी आले. हात रिकामे झाले, पण डोळे काही रिटायर झाले नाहीत. बायको आधीच गेलेली, मुलगी पेठ वडगावला दिलेली. मग दिसेल ते छापील वाचणं हाच त्यांचा उद्योग झाला. औषधाच्या पाकिटातली कागदाची घडी, रेशन दुकानाचा फलक, शेवयांच्या पुडीवरचा मजकूर, काहीही.

"पण उलटं कशाला आबा?" मी एकदा विचारलं.

"सरळ वाचलं की माणूस अर्थाच्या मागं पळतंय, बाई. उलटं धरलं की अक्षर न् अक्षर थांबून रामराम घालतंय."

मी पोस्टात काउंटरला होते. आमच्या काउंटरवर पाटी होती, 'कृपया रांगेत उभे रहा'. आबांनी रांगेत उभं राहून ती वाचली आणि माझ्यासमोर येऊन म्हणाले, "राहा. र ला काना पायजे." मी हसून सोडून दिलं. त्यांनी सोडलं नाही. पोस्टमास्तरांना रीतसर अर्ज दिला. तीन महिने वाट पाहिली. मग एका सकाळी पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश घेऊन आले आणि र आणि ह यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत असा सुबक काना बसवला, की मूळ पेंटरनंही तोंडात बोट घालावं. पोस्टमास्तर बघतच राहिले. सरकारी पाटीला हात लावला म्हणून ओरडावं, की आभार मानावेत, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

गल्लीत त्यांचं सगळ्यात जास्त वाजायचं ते बंडू पोवारशी. बंडूचा म्हशींचा गोठा. आवाजही म्हशी हाकून हाकून कमावलेला. त्याच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका आबांच्या हातात पडली. त्यांनी ती उलटी धरली आणि विचारलं, "बंडू, लगीन बुधवारी करायचं हाय का बावीस तारखंला? दोन्ही एकदम जमायचं न्हाय. बावीसला गुरुवार हाय."

"शुभकार्यात अपशकून करालाय व्हय ओ!" बंडू गरजला. मग कॅलेंडर बघून आला. पुढचे दोन दिवस तो हातात पेन घेऊन, वाटलेल्या पत्रिका दुरुस्त करत पै-पावण्यांची दारं हिंडत होता.

आबांचं एक वाक्य गल्लीत लहान पोरांनाही पाठ होतं. "ठळक अक्षर इकणाऱ्याचं, बारीक अक्षर घेणाऱ्याचं." कुणी काहीही नवीन आणलं, की आबा येऊन दाराबाहेरूनच विचारणार, "बारीक अक्षर वाचलंसा काय?" कुणीही वाचलेलं नसायचं.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. लोडशेडिंगनं जीव नको केला होता. संध्याकाळी सातला वीज जायची ती नऊच्या पुढंच यायची. राजारामपुरीतल्या एका दुकानात चार्जिंगचे दिवे आले. दोन छोट्या नळ्या, वर धरायला कडी, भिंतीला लावून चार्ज करायचा. पहिला बंडूनं आणला. मग त्याचा बघून दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. महिन्याभरात गल्लीतल्या खिडक्या संध्याकाळी निळसर पांढऱ्या उजेडानं भरल्या. आम्हीही घेतला.

आणि एका सकाळी आबा भिंग घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "बाई, दिवा उलटा करा."

पेपरात सातव्या पानावर, हरवलेल्या दाखल्यांच्या नोटिशींच्या खाली, काडेपेटीएवढी जाहिरात होती. त्या कंपनीनं कळवलं होतं की अमुक आकड्यांनी सुरू होणाऱ्या नंबरचे दिवे चार्जिंगला लावले असता आतून तापतात. ते वापरू नयेत, विक्रेत्याकडे जमा करावेत, तीस दिवसांत नवा दिवा मिळेल. ही जाहिरात अख्ख्या कोल्हापुरात आबांशिवाय कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही. आमच्या दिव्याच्या बुडाशी तोच नंबर निघाला. गल्लीतल्या सगळ्याच दिव्यांचा निघाला.

पण दिवा द्यायला कोण तयार? सासूबाई म्हणाल्या, "चांगला पेटतोय की!" बंडू म्हणाला, "आबा, तुम्ही छापलेलं वाचता, आमी दिवा वापरतोय. कुनाला जास्ती कळणार?"

चौथ्या दिवशी दुपारी बंडूच्याच घरातून धूर आला. फ्रिजवर चार्जिंगला लावलेला दिवा फुगून वितळला होता आणि फ्रिजवरचं भरतकामाचं कापड पेटलं होतं. आत बंडूचे वडील, डोळ्यांनी जवळजवळ अधू, खाटेवर एकटेच होते. आबांनीच आधी वास ओळखला, आत धावले, मेन स्विच पाडला आणि म्हाताऱ्याला धरून बाहेर आणलं. बंडू गोठ्यावरून पळत आला तोवर सगळं विझलं होतं. वितळलेला दिवा त्यानं स्वतः आबांच्या पायरीवर आणून ठेवला. संध्याकाळपर्यंत बाकीचे दहा तिथं येऊन बसले.

यानंतर जे सुरू झालं त्याला कंपनी 'बदली प्रक्रिया' म्हणत होती.

दुकानदार म्हणाला, कंपनीचं पत्र आल्याशिवाय माल घेणार नाही. आबांनी जाहिरातीचं कात्रण पुढं केलं. मग त्याला पावत्या पाहिजे झाल्या. पावत्या शोधल्या. मग गॅरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का पाहिजे झाला. "शिक्का तुमीच मारायचा हुता की," आबा म्हणाले. "तवा मारला नव्हता," दुकानदार म्हणाला, जणू चूक आबांची. शिक्का मिळवायला तीन खेपा झाल्या. मग खोकी पाहिजे झाली. एका खोक्यात मांजर व्यालं होतं. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत आबांनी ते खोकं मागितलं नाही, त्यात आठवडा गेला.

जाहिरातीतल्या फोन नंबरवर आबा आमच्या घरून फोन करत. एक बाई गोड आवाजात सांगायची, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग सनई. आबा वीस-वीस मिनिटं सनई ऐकत उभे असत. सासूबाई म्हणायच्या, "लगीन कुनाचं हाय, त्ये तरी इचारा."

शेवटी कंपनीकडून फॉर्म आले. सगळे इंग्रजीत. मी लिहायला बसले, आबा नंबर सांगायला. अकरा फॉर्म, अकरा रजिस्टर पत्रं, माझ्याच काउंटरवरून, पोचपावतीसह. तीस दिवस संपले. चाळीस झाले. मग अकरा घरांना अकरा पत्रं आली, एकाच मायन्याची. आपण कळविलेला क्रमांक आमच्या नोंदीत आढळत नाही. सबब आपला अर्ज नामंजूर.

आता मात्र गल्ली भडकली. माझ्या मुलीची दहावी होती, ती मेणबत्तीपुढं डोळे चोळत बसायची. वीज गेली की घरात बसवत नसे, सगळी बाहेर येत. पायऱ्यांवर, चटयांवर बसून आबांच्या नावानं शंख करत. "आबांनी दिवं न्हेलं आन् अंधार आणून दिला!" सासूबाईंची पहिली फैर ठरलेली. कुणी म्हणे, त्या दुकानदाराला सामील हायत. कुणी म्हणे, विकून खाल्लं असतील. हे बोलणं ऐकून मला लाज वाटायची. आबा त्यांच्या पायरीवर बसून सगळं ऐकत. ज्याला-त्याला शांतपणे उत्तर देत. फक्त बंडू गप्प असायचा.

एका संध्याकाळी आबांनी माझ्याकडचा फॉर्मचा नमुना मागून नेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच दारात. "बाई, पुण्याला जायाचं. कंपनीच्या हापिसात इंग्रजी बोलाय लागलं तर तुम्ही पायजेसा."

माझी नणंद पुण्यात होती, मी रजा टाकली. एस.टी.त आबांनी काय सापडलंय ते सांगितलं नाही. कऱ्हाड येईपर्यंत बाहेरच्या पाट्या वाचत होते.

कंपनीच्या ऑफिसात ही गर्दी. साताऱ्याचे, सांगलीचे, बार्शीचे लोक, सगळ्यांच्या हातात तीच नामंजुरी. टेबलामागं टाय लावलेला एक तरुण साहेब घामाघूम होऊन प्रत्येकाला एकच सांगत होता, "सिस्टिम नंबर घेत नाही. मी काय करू?" एक जण त्याच्या अंगावर धावून गेला.

दोन तासांनी आमचा नंबर आला. आबांनी आधी समोरचा पाण्याचा ग्लास त्याच्याकडं सरकवला. "प्या आधी." तो प्यायला. मग आबा म्हणाले, "आता ह्यो फॉर्म उलटा धरा."

"काय?"

"उलटा धरा, साहेब. आन् चौकटी मोजा."

साहेबानं मोजल्या. नऊ.

आबांनी पिशवीतून वितळलेला दिवा काढून बुडाचा नंबर दाखवला. "ह्ये आकडे मोजा."

दहा होते.

"लोकांनी नऊ चौकटीत नऊ आकडे लिवले, धाव्वा सोडला. तुमच्या मशिनला न्हाई सापडला. तुमची सिस्टिम चांगली हाय. छापणाऱ्यानं एक चौकट खाल्ली." मग म्हणाले, "हुतंय. आमच्याकडनं बी व्हायचं."

मी स्वतः अकरा फॉर्म भरले होते. चौकट कमी पडली तेव्हा आपलंच काही चुकतंय असं वाटून शेवटचा आकडा गाळला होता, अकराच्या अकरा वेळा! कान गरम झाले माझे. आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

साहेबानं मुंबईला फोन लावला. पाऊण तास आत-बाहेर केलं. मग बाहेर येऊन म्हणाला, सगळ्यांचे अर्ज पुन्हा घेतो, दहावा आकडा हातानं लिहा. आबा निघाले नाहीत. संध्याकाळपर्यंत तिथंच बाकावर बसून, ज्यांना बारीक दिसत नव्हतं त्यांचे नंबर भिंगातून वाचून देत होते. साहेबानं जाताना विचारलं, "तुम्ही कोण, इंजिनिअर का?"

"कंपोझिटर," आबा म्हणाले. त्या पोराला तो शब्द माहीत नव्हता.

तीन आठवड्यांनी ट्रान्सपोर्टनं खोकी आली. आबांनी प्रत्येक घरी जाऊन आधी बारीक अक्षरातलं माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचून दाखवलं आणि मगच दिवा दिला. त्या दिवशी कुणी कंटाळा केला नाही. बंडूनं तांब्याभर धारोष्ण दूध आणून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "आबा, माझं चुकलं." आवाज इतका लहान की म्हशींनी ओळखलाही नसता.

संध्याकाळी सातला वीज गेली. घरोघर दिवे लागले. मुलगी अभ्यासाला बसली, सासूबाई जपाला. मी पोचपावत्यांची फाइल द्यायला आबांकडं गेले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सगळी आपापल्या उजेडात. आबा पायरीवर अंधारात बसले होते.

"आबा, तुमचा दिवा लावला नाही?"

"माझा कुठला? मी घेतलाच नव्हता."

मी मनात घरं मोजली. अकरा दिवे, अकरा घरं. बारावं आबांचं. तीन महिने हा माणूस दुकानात, फोनवर, पुण्यात भांडत होता आणि आम्ही सगळी धरून चाललो होतो की त्याचाही दिवा अडकलाय.

"मग एवढं कशाला केलंत?"

"पोरीची धावी हाय. बंडूच्या वडलांना आधीच कमी दिसतंय. दिवा पायजेच की." मग समोरच्या बंद दारांकडं बघत म्हणाले, "दिवं नव्हतं तवा लई बोलायची लोकं."

"शिव्या देत होती आबा तुम्हाला."

"देत हुती. पण माझ्या दारात येऊन देत हुती."

फाइल त्यांच्याजवळ ठेवून घरी आले. सासूबाईंना हळू आवाजात सांगितलं. त्यांनी माळ खाली ठेवली. थोडा वेळ नातीच्या वहीवर पडलेल्या उजेडाकडं बघत बसल्या. मग उठल्या, चटई काखेत मारली आणि बाहेर पायरीवर ती अशी झटकली की अख्ख्या गल्लीला ऐकू जावं.

"काय ओ आबा!" त्या ओरडल्या. "कसला दिवा आणलासा? बटण दाबून दाबून माझं बोट दुखाय लागलं!"

बटण अगदी मऊ होतं. समोर बंडूचं दार उघडलं. पलीकडचं एक उघडलं. आबा पायरीवरून उठले आणि भिंत चाचपत आमच्या चटईकडं आले.

"कुठलं बटण?" ते म्हणाले.