चार मिनिटांचं कुलूप

ताईच्या दाराचं कुलूप वर्षभरात दोनदा फुटलं आणि दोन्ही वेळा ते प्रमाणित होतं. पहिल्या खेपेला चोरांनी टीव्ही नेला, दुसऱ्या खेपेला नवा टीव्ही. तेव्हापासून ताई दाराला खुर्ची लावून, त्या खुर्चीत स्वतः बसून आणि हातात लाटणं धरून झोपायची. झोपायची म्हणजे आपलं म्हणायचं.

"तिसऱ्यांदा झालं ना, तर घर बंद करून मी लेकीकडे जाणार," तिने धाकट्या भावाला सांगून टाकलं. "चाळीस वर्षं काढली इथे. आता माझ्याच दाराची मला भीती वाटते रे."

भाऊ लेथवर काम करणारा. सगळे त्याला मास्तर म्हणत. ते वाक्य त्याच्या काळजाला लागलं. त्याने मोडकं कुलूप उचलून पाहिलं. किल्ली ज्यात जाते तो सिलेंडर सबंध पितळेचा होता, आणि बरोबर कमरेत, स्क्रूच्या भोकापाशी, बिस्किटासारखा मोडला होता.

मास्तर झपाटल्यासारखा कामाला लागला. नुसतं पितळ ठेवलं तर ड्रिल विचारतसुद्धा नाही, सरळ आत जातं. नुसतं पोलाद घ्यावं तर गंजतं, शिवाय भाव ऐकून गिऱ्हाईक पायऱ्या उतरतं. मग त्याने प्रत्येक धातूला त्याच्या स्वभावाचं काम दिलं. किल्ली फिरते तिथे गुळगुळीत पितळ. ड्रिल लागतं तिथे, तोंडाशी, पोलादाच्या कडक पिना. मोडतं तिथे पोलादाची पट्टी. आणि मागच्या बाजूला, जिकडे कुणी ढुंकून बघत नाही, तिकडे स्वस्तातलं जस्त. तीन महिन्यांनी साध्या कुलपाच्या भावात बसणारं कुलूप तयार झालं. ते फोडायला मास्तर स्वतःच बसला, तीन ड्रिल मोडून घेतली, अंगठा सुजवून घेतला आणि शीळ घालत घरी गेला.

कुलूप बसलं आणि ताई कित्येक महिन्यांनी पलंगावर आडवी झाली. आठव्या दिवशी इमारतीचे सेक्रेटरी दारात हजर.

"स्टिकर कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कुलूप आहे की," ताई म्हणाली.

"कुलूप दिसतंय हो मला. स्टिकर दिसत नाही. महिनाअखेरपर्यंत प्रमाणपत्र आणा, नाहीतर कमिटी हे काढून प्रमाणित बसवेल. तुमच्याच सुरक्षिततेसाठी."

मास्तर दुसऱ्याच दिवशी तसंच एक कुलूप घेऊन कुलूप परीक्षण व प्रमाणन कार्यालयात गेला. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उघडला.

"धातू?"

"पितळ, पोलाद आणि जस्त."

"एकच सांगा. रकाना एकच आहे."

"पण तीन आहेत ना!"

"तीन म्हणजे मिश्रण. मिश्रण म्हणजे भेसळ. भेसळीचं कार्यालय पलीकडच्या रस्त्याला." कारकुनाने पेन बंद केलं.

मास्तरने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मग 'धातू' या रकान्यात 'धातू' असं लिहा."

कारकुनाचा चेहरा खुलला. "बघा! मनावर घेतलं की जमतं माणसाला."

परीक्षेच्या खोलीत उघडणी अधिकारी बसले होते. आलेलं प्रत्येक कुलूप किल्लीवाचून उघडून बघणं हे त्यांचं काम, आणि गडी कामाला वाघ होता. त्यांनी तारेचा आकडा घातला, ठोकलं, पिळलं, ड्रिल लावलं. चहा झाला, जेवण झालं, परत चहा झाला. संध्याकाळी त्यांनी घाम पुसला आणि कुलपावरून प्रेमाने हात फिरवला.

"तीस वर्षांच्या नोकरीत असं कुलूप बघितलं नाही, मास्तर. काय चीज बनवलीय!" ते म्हणाले. "नापास."

"अहो, का?"

"रकाना चौदा. 'उघडण्यास लागलेला वेळ, मिनिटांत.' काय लिहू?"

"उघडलं नाही, असं लिहा."

"ही मिनिटं आहेत का? कॉम्प्युटर एक ते दहाच घेतो."

"दहाच का?"

"आजवर त्याच्यापुढे कुणी गेलंच नाही म्हणून."

कुलूप कार्यालयाने ठेवून घेतलं आणि मास्तर परतला. महिनाअखेर जवळ येत होती आणि ताईने सामान बांधायला काढलं होतं. त्याने तसंच दुसरं कुलूप घेतलं आणि जड हाताने त्याच्या कमरेतली पट्टी काढली. चाळीस मिनिटं लागली. नापास. तोंडाशी असलेल्या पिना काढल्या. चौदा मिनिटं. "थोडक्यात हुकलं," अधिकारी हळहळले, "पण प्रगती आहे." शेवटी मास्तरने पितळही काढलं आणि नुसत्या जस्ताचं एक कुलूप ओतून नेलं. ते चार मिनिटांत उघडलं, आणि त्यातलं एक मिनिट अधिकारी चष्मा शोधत होते.

शिक्का बसला: 'अतिसुरक्षित'. कौतुक म्हणून कार्यालयाने त्याला आदर्श नमुना ठरवून आराखडा सगळ्या कारखान्यांना पाठवला. मास्तरला आपलीच लाज वाटत होती. सोनेरी स्टिकर लावलेलं ते कुलूप पिशवीत टाकून तो निघाला, तसे उघडणी अधिकारी त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "ते पहिलं, नापास झालेलं... परत हवंय का तुम्हाला? नाही म्हणजे, आमच्या घरी मंडळी एकटीच असते."

खाली खिडकीपाशी कारकुनाने हात धरला. "मास्तर, मलाही एक भेसळीचं द्या की. बोभाटा नको."

महिनाअखेर उजाडली. मास्तर ताईसमोर मान खाली घालून बसला होता. "हे बसवावं लागेल, ताई. त्यापेक्षा तुझी खुर्ची भक्कम आहे."

ताईने कुलूप हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, नखाने स्टिकर अलगद सोडवला आणि दाराकडे जाऊन आपल्या कुलपावर चिकटवला. वरून अंगठ्याने दाबला. "शिकलेली माणसं तुम्ही," ती म्हणाली, "साधं डोकं चालत नाही तुमचं." आणि बांधलेलं सामान सोडायला आत गेली.

सेक्रेटरी आले, त्यांनी स्टिकर वाचला, वहीत बरोबरची खूण केली. "आता कसं सुरक्षित वाटतं!" असं म्हणून त्यांनी दार हळूच पुढे ओढलं आणि मास्तरच्या कानाशी लागले. त्यांनाही स्वतःच्या दारासाठी एक नापास हवं होतं. स्टिकरचं ते आपलं आपण बघणार होते.

ताई आता पलंगावर घोरते. तेव्हा सगळं छान झालं. एवढी गोष्ट वाचून तुम्ही हसला असाल, तर हरकत नाही. फक्त उठून एकदा आपल्या दाराचं कुलूप बघा. सोनेरी स्टिकर आहे ना? घेताना तेवढंच बघितलं होतं ना? मग आता कधी किल्ली आत विसरून बाहेर अडकलात तर मुळीच घाबरू नका. चार मिनिटांत उघडतं. तशी लेखी हमी आहे.