तौलनिक बचाव अभ्यास मंडळाचा एकमताने मंजूर झालेला ठराव

गोल कोणीही करतो. गोल होऊ न द्यायला मात्र संस्कार लागतात. ज्या समाजाला आपला बचाव करता येतो तोच टिकतो, हे इतिहासाने वारंवार सिद्ध केले आहे (इतिहासाचा तपशील विचारू नये). याच जाणिवेतून नागपुरातल्या प्रताप नगरात, आमच्या कॉलनीत, तौलनिक बचाव अभ्यास मंडळाची स्थापना झाली. इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीतल्या दोन कट्टर वैरी संघांच्या बचावपटूंची तुलना करून श्रेष्ठ कोण ते ठरवणे, हे मंडळाचे एकमेव उद्दिष्ट. संघांची नावे आम्ही घेत नाही. एक लाल, एक निळा. नावे घेतली की आवाज चढतात आणि शेजारचे खिडक्या लावून घेतात.

अध्यक्ष मारोतराव, वीज खात्यातून निवृत्त, लाल. उपाध्यक्ष रुपराव, सीताबर्डीत कापडाचे दुकान, निळे. केशव उमरेडच्या कोळसा खाणीत नोकरीला आहे आणि जो जिंकतो त्याच्या बाजूने असतो, म्हणून त्याला तटस्थ निरीक्षक नेमले आहे. प्रस्तुत लेखक कार्यवाह. चौघांपैकी एकानेही आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही, त्यामुळे मते पूर्वग्रहदूषित होण्याचा धोका उरत नाही. मंडळाचे कार्यालय म्हणजे मैदानाच्या कडेचा सिमेंटचा बाक. (बाकावर तो देणाऱ्याचे नाव कोरले आहे. ते पाठीला टोचते.)

आमची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. मधले दोन बचावपटू म्हणजे एक जोडपेच. एक पुढे गेला तर दुसऱ्याने घर सांभाळावे, एक चिडला तर दुसऱ्याने पंचाशी गोड बोलावे. म्हणून आम्ही त्यांचे गुण जुळवतो. निळ्यांच्या जोडीचे छत्तीसपैकी एकतीस गुण जुळतात. लालांच्या जोडीचे अठराच, त्यातून एकाचा गुडघा दर मोसमात दुखावतो, तेव्हा त्याला मंगळ असावा असा रुपरावांना दाट संशय आहे. मारोतरावांनी या संशयाचा लेखी निषेध केला आहे. खेळाडूंची नावे कशी उच्चारावीत यावर दोन बैठका खर्ची पडल्या. आता त्यांना उंच, टकला, अंबाडेवाला आणि रडका असेच म्हणायचे ठरले आहे.

आता मैदानाविषयी. त्याच्या एका अंगाला देवरावांचे लॉन आहे. (नागपुरात लॉनवर गवत असेलच असे नाही, लग्न मात्र लागते.) लॉनचे पत्र्याचे कुंपण दर लग्नसराईत थोडे पुढे येते. पूर्वी ते कडुलिंबाच्या पलीकडे होते. आता कडुलिंबच लॉनमध्ये गेला आहे आणि त्याच्यावर लायटिंग असते. फुटबॉलच्या अभ्यासकाला हे पाहून समाधान वाटल्यावाचून राहत नाही. सगळे पत्रे एका ओळीत, एकाच वेळी, मध्ये फट न ठेवता पुढे सरकतात. बचावफळीने असेच सरकावे. लालांना हे अजून जमलेले नाही.

याच मैदानावर कॉलनीतल्या मुलींचा संघ सराव करतो. कर्णधार हिमानी, मारोतरावांच्या धाकट्या भावाची मुलगी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. ती बचावातच खेळते, असे ऐकून आहोत. मंडळाची बैठक आणि तिचे सामने नेमके एकाच वेळी येतात.

गेल्या महिन्यात ती बैठकीत घुसली.

“मोठे बाबा, पत्रे पुन्हा समोर आले. पोरींले कॉर्नर मारायले जागा नाही राहिली.”

“पाहून राहिलो न वं,” मारोतराव म्हणाले.

“नुसतं पाहून काय होते? रविवारी सकाळी मोजणीवाले साहेब येऊन राहिले. किती चकरा मारल्या मी त्यासाठी. तुम्ही जुन्या माणसांनी फक्त उभं राहून सांगायचं, का मैदान कडुलिंबाच्या पलीकडं होतं. मी सांगितलं तर म्हणतात, तुले काय माहीत, तू तर तेव्हा लहान होती. मैदान गेलं तर आमची टीमच गेली, मोठे बाबा.”

“चौघंही येतो, बेटा,” रुपराव म्हणाले. “काहून नाही येणार?”

ती गेल्यावर आम्ही विषय गांभीर्याने घेतला. साहेबांसमोर चौघांनी एका ओळीत उभे राहावे, की तिघांनी ओळीत आणि केशवने मागे मोकळे? निळे चौघे ठेवतात, लाल तिघे. निर्णय लागला नाही, पण चर्चा उंचीची झाली.

शनिवारी संध्याकाळी लाल विरुद्ध निळे असा सामना होता. मोजणीची कुणकुण लागलेल्या देवरावांनी लॉनवर मोठा पडदा लावला आणि मंडळाला सन्मानाने बोलावले. वडाभात, पुडाच्या वड्या, मठ्ठा. फुटबॉलला असा आश्रयदाता विदर्भात दुसरा नाही. आमच्या खुर्च्या मांडल्या होत्या तिथे पूर्वी मैदानाचा डावा कोपरा होता. कोपऱ्याचा झेंडा रुपरावांच्या पायात येत होता, तो देवरावांनी स्वतः उचलून बाजूला ठेवला.

सामना शून्य-शून्य सुटला. सामान्य प्रेक्षक अशा वेळी जांभया देतो. आमची मात्र झोप उडाली. दोन्हीकडचा बचाव अभेद्य, मग श्रेष्ठ कोण? रविवारी सकाळी बाकावरच तातडीची बैठक बोलावली. मोजणीही तिथेच होणार होती, त्यामुळे एकाच फेरीत दोन्ही कामे उरकणार होती. आम्ही वेळेवर हजर होतो, याची नोंद घ्यावी.

साहेब आले, फीत ताणली गेली, देवरावांकडून चहा आला. बाकापर्यंतही आला. हिमानी आणि तिच्या मुली पत्र्यांसमोर उभ्या होत्या.

“मोठे बाबा, या न!”

मारोतरावांनी न पाहता तळहात दाखवला. टकल्याने चेंडू हाताने अडवला की नाही, हा मुद्दा चालू होता. ती धावत आली.

“साहेब निघून राहिले!”

“एक मिनिट, बेटा,” रुपराव म्हणाले. “मतदान लागलं.”

केशवने तोडगा काढला होता: दोन्ही बचावफळ्या समान श्रेष्ठ मानाव्यात. मान्य असणाऱ्यांनी हात वर करावेत. मंडळाच्या इतिहासात प्रथमच चारही हात एकदम वर गेले. मारोतरावांचे डोळे पाणावले. त्याच क्षणी तिकडे देवरावांनी साहेबांना सुचवले, की इथली जुनी जाणती माणसे बाकावर बसली आहेत, त्यांनाच विचारा. साहेबांनी हाक मारली, “काका, पत्र्यापर्यंतची हद्द मान्य आहे ना?” आणि आमच्याकडे पाहिले.

पंचनाम्यात आहे ते असे: उपस्थित चार ज्येष्ठ नागरिकांनी हात वर करून एकमताने संमती दिली.

“ते हात दुसऱ्याच गोष्टीसाठी वर केले आहेत, साहेब!” हिमानी ओरडली. साहेब म्हणाले, मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. आम्हाला हात खाली घेता आले असते, पण मोजणी पूर्ण होण्याआधी हात खाली घेतला तर ठराव बारगळतो. चार हात मोजून, खात्री करून, पुन्हा मोजेपर्यंत साहेबांची गाडी निघून गेली. दुपारी पत्र्यांच्या जागी लोखंडी खांब रोवले गेले. हिमानी एका खड्ड्यासमोर बराच वेळ उभी होती. मजुरांनी तेवढा खांब सोडून बाकीचे रोवले आणि ती घरी गेल्यावर तोही रोवला.

“पोरगी एकटी लढून राहिली होती, अन् तुम्ही हात वर करून बसले,” सत्यवतीबाई मारोतरावांना म्हणाल्या. त्या अध्यक्षांच्या पत्नी असल्या तरी त्यांना फुटबॉलमधले कळत नाही. संघ मोडला. हिमानी मारोतरावांशी बोलत नाही आणि ते हल्ली बैठकीत खांबांकडे पाठ करून बसतात. वाईट आम्हा सर्वांनाच वाटले. तसा ठरावही केला, एकमताने.

पुढच्या बैठकीत हिमानीच्या बचावाचे विश्लेषण झाले. जिद्द उत्तम. जागा चुकली. एकटीच पुढे गेली, मागे आधार ठेवला नाही (आधार बाकावर होता). दहापैकी साडेचार. रुपराव पाच द्यायला तयार होते.

वाचकहो, तुम्हीही मनातल्या मनात तिला काही गुण दिलेच असतील. तिने जुने फोटो दाखवायला हवे होते, पेपरवाल्यांना बोलवायला हवे होते, या म्हाताऱ्यांच्या भरवशावर राहायलाच नको होते. मुद्दे बिनचूक आहेत. अशी नजर असलेली माणसे मंडळाला हवीच आहेत, आणि आम्ही थोडे सरकून बसलो तर बाकावर तुमची जागा होते. येताना फक्त लॉनच्या बाजूने या. मैदानातून आता वाट नाही.