सबनीसकाकांचा पंखा

आमच्या समोरच्या दारातले सबनीसकाका कोणाच्याही घरी गेले की आधी खिडकीशी जात. चपला दाराशी काढायच्या, "काय, बरंय ना?" एवढं हवेत सोडायचं आणि उत्तराची वाट न बघता खिडकी गाठायची. मग शर्टाच्या खिशातून एक खेळणं बाहेर यायचं. तळहाताएवढा निळसर सोलर सेल, त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकाला जुन्या वॉकमनची मोटर आणि मोटरवर कागदाचा पंखा. उन्हात धरला की पंखा गरगरायचा, सावलीत नेला की रेंगाळायचा. काका त्याच्याकडे नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे बघायचे आणि निकाल द्यायचे.

आम्ही नेरूळला नवीन राहायला आलो, तेव्हा आमच्या घराचा निकाल लागला तो असा: "खोली चांगली आहे. पडदा मूर्ख आहे."

तो गडद निळा पडदा मी वाशीला चार दुकानं पालथी घालून आणला होता. मी आठवडाभर काकांशी बोलले नाही. मग एकदा पडदा धुवायला काढला आणि माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत उजेड आला. पडद्याचे पुढे उशांचे अभ्रे झाले.

काका ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर इतर लोक नातवंडांत किंवा देवळात रमतात. हे उजेडात रमले. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे घरात थांबवणारंही कोणी नव्हतं. आकाशकंदिलाचे जिलेटीन कागद कायम खिशात. लाल कागद सेलवर धरला की पंखा बऱ्यापैकी फिरायचा, निळा धरला की मान टाकायचा. "उजेड किती, हे एक. उजेड कुठल्या रंगाचा, हे दुसरं. माझ्या सेलला लाल गोड लागतो, निळा फारसा पचत नाही," असं ते जावयाच्या आवडीनिवडी सांगाव्यात तसं सांगायचे. वर एक ठरलेलं वाक्य: "डोळ्यांना विचारू नका, पंख्याला विचारा. डोळे लबाड असतात. अंधारात जरा बसले की त्यांना वाटतं, चालतंय की!"

लोक हसायचे. पण पापड कुठल्या गच्चीत लवकर वाळतील, तुळस कुठल्या कोपऱ्यात जगेल, हे विचारायला सगळ्या बायका त्यांच्याकडेच. आमच्या सत्यनारायणाला त्यांनी समईसमोर पंखा धरला. अर्थातच हलला नाही. "राहू दे, भक्तीला मोटर लागत नाही," म्हणाले आणि प्रसाद दोनदा घेतला.

फक्त एका खिडकीपुढे काकांची बोलती बंद व्हायची. आमच्याच विंगच्या तळमजल्यावर त्यांचे थोरले भाऊ राहायचे, दादा सबनीस. पाय गेलेले, कॉट खिडकीला लावलेली, आणि खिडकीसमोर चार हातांवर बी विंगची काळवंडलेली भिंत. भर दुपारी ट्यूब लावावी लागे. दादांना जगात एकच हौस, वर्तमानपत्र. पहिल्या अक्षरापासून मुद्रकाच्या नावापर्यंत. पण त्या फडफडत्या ट्यूबखाली त्यांचे डोळे पाझरायचे. वीज गेली की पेपर छातीवर ठेवून छताकडे बघत पडायचे. काका रोज सकाळी खाली जात, खिडकीत पंखा धरत. तो हलायचा नाही. दादा म्हणायचे, "मला काही त्रास नाही रे, वसंता." काका तसेच वर येत. त्या वेळी त्यांच्याशी बोलायला मीसुद्धा जात नसे.

अशात सोसायटीला रंग काढायचं ठरलं. आमचे चेअरमन कुलकर्णी मूळचे सोलापूरचे, शिस्तीचे. त्यांनी बी विंगच्या त्या भिंतीला गडद मरून रंग पक्का केला. "पावसाळ्यात शेवाळ धरतं. पांढरी भिंत दोन वर्षांत कोळशाची वखार दिसते. मरूनवर काही दिसत नाही."

"दिसत नाही, हेच तर दुखणं आहे!" काका सभेत उभे राहिले. "त्या भिंतीवरून जो काही उजेड उडेल तोच दादाच्या खोलीत येतो. तीच गडद केलीत तर येणार काय?"

कुलकर्णी गालात हसले. "सबनीस, वर्षभर तुम्हीच सांगताय, लाल उजेडात पंखा पळतो म्हणून. मरून म्हणजे लालच की! तुमच्याच शास्त्राने चाललोय आम्ही."

सभा खो-खो हसली. आमचे हे सोसायटीचे सेक्रेटरी; तेही हसले. त्यांना त्या दिवशी भाजीत मीठ कमी मिळालं.

काका हसले नाहीत. "रविवारी दहा वाजता दादाच्या खिडकीशी या. ज्याच्याकडे डबल बेडची चादर असेल त्याने आणा. मरून, निळी, पांढरी. पंख्याला विचारू. पंखा मरूनला हो म्हणाला, तर मी स्वतः ब्रश धरतो."

रविवारी अख्खी सोसायटी दोन विंगांमधल्या त्या बोळात. रंगारी म्हात्रे नेरूळ गावातला. त्याने परांचीवर चढून भिंतीवर दोऱ्या बांधल्या होत्या. "आमी भिंती रंगवतो. चादरी टांगायचा काम पयल्यांदाच हाय," तो म्हणाला. पंखा दादांच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. दादा आतून वैतागले. "काय तमाशा मांडलाय, वसंता? मला काही त्रास नाही म्हटलं ना!"

आधी मरून चादर. पंखा ढिम्म.

"लाल आहे तरी?" कुलकर्णी खरोखरच चक्रावले.

"लाल कागदातून ऊन आरपार येतं, साहेब. ही गडद भिंत बाकीचे रंग तर गिळतेच, लालसुद्धा जेमतेम परत देते. रंग कितीही आवडीचा असू दे, ताटात घासभरच वाढला तर पोट कसं भरेल?"

निळी चादर. पुन्हा ढिम्म. मग पांढरी, माझ्या रुखवतातली. चादर उलगडली आणि नेमका सूर्यावर ढग आला. पंखा हलेना. कुलकर्णींनी घड्याळ बघितलं. काका दोन्ही हात मागे बांधून उभे होते आणि त्या हातांत लाल जिलेटीनचा कागद चुरगाळत होते. मी मागेच होते म्हणून मला दिसलं. देवाला नवस बोलायची माझी सवय नाही, पण तेव्हा मनात काहीतरी बोलून गेले.

ढग सरकला. भिंतीवरची चादर उजळली. पंख्याचं एक पातं हललं, थांबलं, पुन्हा हललं आणि पंखा फिरायला लागला. गरगर नाही, पण न थांबता.

टाळ्या पडायच्या आत खोलीतून दादांचा आवाज आला. "वसंता, ती ट्यूब बंद कर. आणि पेपर दे इकडे."

कुलकर्णी माणूस हट्टी, पण खोटा नाही. त्यांनी स्वतः आत जाऊन ट्यूबचं बटण बंद केलं आणि म्हात्रेला पांढरा रंग आणायला सांगितलं. शेवाळाचा प्रश्न उरला, तो काकांनी सोडवला: दर दिवाळीआधी ती भिंत ते स्वतः धुऊन देणार. साठी उलटलेला हा माणूस दरवर्षी म्हात्रेच्या परांचीवर चढून भिंत घासायचा. माहेरचे लोक आले की मी त्यांना मुद्दाम बोळात नेऊन ती भिंत दाखवायचे. लोक पाहुण्यांना वाशीचा पूल दाखवतात. मला आमच्या भिंतीचा अभिमान.

पंखा काकांनी दादांच्या कट्ट्यावर कायमचा ठेवला. पण एवढा सगळा खटाटोप का, ते मला पुढच्या पावसाळ्यात कळलं. अळूवड्या द्यायला खाली गेले होते. दादा म्हणाले, "वरचा फ्लॅट खरं तर माझा. सोसायटीने फ्लॅट वाटायला चिठ्ठ्या काढल्या तेव्हा तिसरा मजला माझ्या नावावर आला, तळमजला त्याच्या. तो नुसता वरच्या गॅलरीतल्या उन्हाकडे बघत उभा राहिला. म्हटलं, घे बाबा, तुझ्या खेळण्याला ऊन लागतं. माझे पाय तेव्हा धड होते, आता तीन जिने चढणं नाही. मला काय, पेपर वाचायचा, तो कुठेही वाचता येतो."

बोलता बोलता त्यांनी गजांतून हात बाहेर काढला आणि बोटाने पंख्याला हळूच टिचकी मारली. बाहेर आभाळ भरून आलेलं, काळोख. पंखा दोन-चार गिरक्या घेऊन मंदावला, तशी आणखी एक टिचकी.

"तो वरून जिन्याच्या खिडकीतून वाकून बघतो रोज," दादा म्हणाले. "फिरताना दिसला की मग चहा घेतो."

मी वर आले. काका जिन्याच्या खिडकीत पोटावर वाकलेले. डोक्यावर काळंकुट्ट आभाळ, खाली पंखा फिरतोय.

"काका," मी म्हटलं, "एवढ्या ढगात?"

उजेडाचा कण अन् कण मोजणारा तो माणूस सरळ झाला, चष्मा पुसला.

"पंखा फिरतोय ना? मग झालं. चल, चहा टाक."