वाघमहाराजांनी पाहिलेलं अस्तर

एका जंगलात, मुलांनो, नळ आला होता. हसू नका. शहरात कधी कधी बिबट्या येतो, मग जंगलात नळ का येऊ नये?

डोंगरावर तलाव होता. तिथून एक लोखंडी पाइप निघायचा, वाघमहाराजांच्या गुहेवरून जायचा आणि पार खाली खडकआळीत संपायचा. गुहेपासून दुसरा एक पाइप त्याच्या सोबतीला असायचा. तो मैला वाहून न्यायचा. राजा झाला तरी त्याला पोट असतंच.

दोन्ही पाइप महाराजांच्या आजोबांनी टाकलेले. आतून पार गंजलेले. बाहेरून मात्र दर उन्हाळ्यात त्यांना हिरवा रंग लागायचा, आणि त्यावर महाराजांच्या पंजाचा सोनेरी ठसा. बाहेर रंगावर रंग चढत होता, आत गंजावर गंज. मधल्या लोखंडाची चौकशी कोणी करत नव्हतं.

खडकआळीत पाणी यायचं ते शेपटाएवढ्या धारेने आणि गेरूसारखं लाल. तिथली साळिंदरीण, साळूआत्या, हेच पाणी पिलांना पाजायची. पिलांची पोटं कायम बिघडलेली. आत्याच्या काट्यांवरचे पांढरे पट्टेसुद्धा विटकरी झाले होते.

अशात भुरकी परत आली. भुरकी म्हणजे आत्याने वाढवलेली मुंगूस. सात नद्या ओलांडून ती शिकायला गेली होती. आली ती डोक्यात विद्या घेऊन, आणि तोंडाला विश्रांती नाही.

आत्याने तिच्यापुढे वाटीभर पाणी ठेवलं.

"आत्या, हे पाणी आहे?"

"नाही गं बाई, तू येणार म्हणून सरबत केलंय. पी मुकाट्याने."

भुरकी प्यायली नाही. तिने पाइपच्या तोंडात डोकं घातलं, आत सरपटत गेली आणि नाकापासून शेपटापर्यंत तांबडी होऊन बाहेर आली.

"आजार आत आहे आणि तुम्ही औषध बाहेर लावताय!" ती ओरडली. "आतून खरवडायला हवं. मग सिमेंटचं अस्तर द्यायचं. कोटाला असतं ना, तसं. पाणी लोखंडाला शिवणारच नाही, मग गंज येईल कुठून?"

"हे मला सांगून काय उपयोग?" आत्या म्हणाली. "ज्याच्या गुहेवरून पाइप जातो त्याला सांग. आणि सांगताना जरा लांबच उभी राहा."

भुरकी दरबारात गेली. तिचं नशीब असं की त्याच दिवशी महाराजांच्या मिशा लाल झाल्या होत्या. लाल पाण्याने तोंड धुतल्यावर दुसरं काय होणार! दरबारी पोपट म्हणाला, जणू पहाटच उगवली. सगळ्यांनी वाहवा केली. पण वाघीण हसली, आणि महाराजांना ते लागलं.

"अस्तर?" महाराजांनी विचारलं. "दिसेल का?"

"नाही महाराज, आतून असतं."

"मग मी केलं हे लोकांना कळणार कसं?"

"पाणी स्वच्छ आलं की कळेल."

प्रधान तरस खो खो हसला. "पोरी, पाणी स्वच्छ आलं की लोक पाणी पितात. राजाला आठवतात ते पाणी गेल्यावर."

पण मिशांचा प्रश्न होता. परवानगी मिळाली. "मैल्याच्या पाइपलाही हवं," भुरकीने बजावलं. "त्यातला वायू लोखंडाला आतल्या छताकडून खातो." मैल्याचं नाव निघताच दरबाराने नाकं धरली आणि लगेच हो म्हटलं. विषय संपावा म्हणून.

मग कामाला काय उशीर! आळीतली सगळी मुंगसं पाइपांत शिरली. गंज खरवडला, पोतीच्या पोती बाहेर काढला. गुळगुळीत अस्तर दिलं. ते ओलं ठेवून मुरू दिलं. तेवढे दिवस पाणी बंद म्हणून जंगलाने कुरकुर केली, भुरकीने ऐकली नाही.

आणि एका सकाळी खडकआळीच्या नळाने घसा खाकरला आणि तो धो धो वाहू लागला. आत्याने वाटी भरली. उजेडात धरली. वाटीचा तळ दिसत होता.

"अगं भुरके, यात रंगच नाही!"

"पाण्याला नसतोच आत्या."

आत्या घोटभर प्यायली. मग तिने पिलांना एकेक करून नळाखाली धरलं. नंतर म्हणाली, "काटे गेले डोळ्यात." डोळ्यात काटे जातात का कुणाच्या? पण भुरकीने तसं विचारलं नाही.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण उद्घाटन राहिलं होतं ना!

महाराज वाजतगाजत आले. हार, ढोल, मागे सगळा दरबार. त्यांनी पाइप पाहिला. तोच हिरवा पाइप, तोच सोनेरी पंजा.

"अस्तर कुठंय?"

"आत आहे, महाराज."

"दाखव."

महाराजांनी पाइपात डोकं घालून पाहिलं. जेमतेम एक कान गेला. दरबार गंभीर झाला. तेव्हा प्रधान तरस पुढे आला आणि म्हणाला, "महाराज, एक खिडकी पाडू."

"नको!" भुरकी मध्ये पडली. "छिन्नी लागली की अस्तराला तडे जातील. तिथूनच परत गंज धरेल!"

"म्हणजे दाखवण्यासारखं काही नाही वाटतं आत?" तरसाने मान तिरकी केली. "लपवण्यासारखं आहे?"

आता सांगा, यावर काय बोलायचं? भुरकी सगळं शिकली होती, एवढंच शिकली नव्हती.

खिडकी पाडली. महाराजांनी डोळा लावला. पाण्याची चिळकांडी थेट डोळ्यात! महाराज मोठ्या मनाने म्हणाले, "छान आहे."

मग पाणीखात्याच्या रानडुकराला वाटलं, आपली वेगळी खिडकी हवी. तपासणीला आलेल्या अस्वलाला वाटलं, डुकराच्या खिडकीतून पाहणं आपल्याला शोभत नाही. माकडं ओरडू लागली, अस्तर नाहीच, सगळा बनाव आहे. त्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनाही खिडकी दिली. प्रत्येक फांदीला एक.

या खिडक्यांतून चिखल आत जाऊ लागला, पाणी बाहेर. तड्यातड्यांतून गंज डोकावला. खडकआळीचा नळ आधी बारीक झाला, मग तांबूस, मग नुसताच फुसफुसू लागला.

भुरकी दरबाराच्या मागे मागे पळत होती. शेवटी तिने रस्ताच अडवला. "थांबा! अस्तरच बघायचंय ना? दुसरा पाइप आहे की! त्यालाही मीच दिलंय. पाडा त्याला खिडकी!"

"कुठला?" महाराजांनी विचारलं.

"मैल्याचा."

क्षणात रस्ता मोकळा. अस्वल झुडपात, डुक्कर ओढ्यात, माकडं शेंड्यावर. डुकरानेसुद्धा नाक धरलं होतं. महाराज आणि तरस तेवढे टेकडीवर दिसत होते, आणि तेही पाठमोरे.

भुरकी एकटीच उरली. तिने मैल्याच्या पाइपला कान लावला. आतून संथ, एकसारखा आवाज येत होता. एक ओरखडा नाही, एक तडा नाही. तिला आधी रडू आलं. मग ती तिथेच बसली आणि विचार करू लागली.

पुढच्या दरबारात ती नम्रपणे उभी राहिली. "महाराज, एक नवीन पाइप टाकायचा आहे. मैल्याचा."

"कुठून कुठे?" तरसाने पंजाने नाक दाबून विचारलं.

"तलावापासून खडकआळीपर्यंत."

तलावातून मैला कसा येईल, असं कोणी विचारायला हवं होतं की नाही? पण विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की वास येतो, असं दरबाराचं मत होतं.

"टाक, टाक," महाराज म्हणाले. "फक्त माझा पंजा नको हं त्यावर!"

पाइप पडला. आतून अस्तर, तेच, तसंच. बाहेर रंग नाही, ठसा नाही. जागोजागी पाट्या तेवढ्या लावल्या: 'मैला. लांब राहा.' पाट्या रंगवताना भुरकीचा हात दोनदा थांबला. सात नद्यांपलीकडे तिला हे शिकवलं नव्हतं. पण आळीत पिलं तहानलेली होती.

त्या पाइपला आजतागायत कोणी खिडकी मागितलेली नाही.

एकदा महाराज फिरत फिरत खडकआळीत आले. ऊन रणरणत होतं, मिशा पुन्हा लाल झाल्या होत्या, घशाला कोरड पडली होती. साळूआत्याने वाटी पुढे केली. पाणी असं नितळ की वाटी रिकामीच वाटावी.

"वा!" महाराजांचे डोळे चमकले. "कुठलं गं हे?"

आत्या खोटं बोलत नसे. तिने पाटीकडे बोट दाखवलं.

महाराजांनी पाटी वाचली. वाटी तशीच ठेवली आणि लाल पाणी प्यायला लगबगीने गुहेकडे निघाले. जाताना मात्र सगळ्या आळीकडे फार दयेने पाहिलं.

तात्पर्य: काम चोख करावं आणि त्याला नाव घाणेरडं द्यावं, म्हणजे ते टिकतं. मात्र मुलांनो, परीक्षेत 'उघड कारभार हाच उत्तम कारभार' असंच लिहा. उत्तरपत्रिका तरस तपासतो.