पाच दुधी, पाच दोरे

रविवारी सकाळी सासूबाई सुरी घेऊन गच्चीवर चढल्या आणि वेलाकडे बघतच राहिल्या. वेलाला पाच दुधी लोंबत होते, आणि पाचही दुधींच्या देठाला लाल दोरा होता.

त्यांनी स्वतः बांधला होता एकच. पंधरा दिवसांपूर्वी, त्यातल्या त्यात देखण्या दुधीला. "हा बियाण्याला. दोऱ्याच्या दुधीला जो हात लावेल, त्यानं माझ्याशी बोलू नये," असं घराला बजावून त्या खाली उतरल्या, त्या गुडघ्यांपायी पुन्हा वर आल्याच नव्हत्या. पाणी सून घालत होती. हुकूम सोडायला गुडघे लागत नाहीत.

आणि आज विहीणबाई जेवायला यायच्या होत्या. मागच्या खेपेला त्याच म्हणाल्या होत्या, "गच्चीत काय पिकतंय! डास पिकत असतील." तेव्हापासून गच्चीवर वेल आणि सासूबाईंच्या डोक्यात ते वाक्य, दोन्ही बरोबरीनं वाढत होती.

"कुणाची अक्कल ही?" त्यांनी वरूनच आवाज दिला. घर गोळा झालं.

"एक माझा," म्हातारबुवा म्हणाले. "पाहुण्यांसाठी राखायला नको? तुझ्या दोऱ्याला सगळे भितात, म्हणून मीही बांधला."

"आणि उरलेले तीन?"

"मी, आई," सून म्हणाली. "दोरा बांधलेले दोन कसे भराभर फुगले! मला वाटलं, दोऱ्याचाच गुण."

"अगं, कापले नाहीत म्हणून फुगले ते!"

"मग पंधरा दिवस आपण भाजी बाजारातून का आणतोय?" मुलानं विचारलं. त्याला नोकरीत बढती का मिळत नाही, ते सासूबाईंना त्या क्षणी कळलं.

आता यातला बियाण्याचा कुठला आणि खायचा कुठला? दोरे सगळे एकाच रिळाचे. "नख लावून बघा," सासूबाई म्हणाल्या. "शिरलं तर कोवळा." त्यांनी लावलं, म्हातारबुवांनी लावलं, सुनेनं लावलं आणि मोडून घेतलं. एकातही नख शिरेना. दुधी कसले, ओंडके झाले होते.

"एक बाजारातून आणू का?" मुलगा कुजबुजला. "कुणाला कळतंय?"

"मला कळेल ना, मेल्या!"

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या आणि विहीणबाई थेट गच्चीवर हजर. वेल पाहून त्या डास विसरल्या. "अगंबाई, केवढाले हे! आणि दोरे कशाला?"

"बियाण्याला ठेवलेत."

"पाचही?"

"आमच्याकडे हात राखून काही नसतं."

विहीणबाईंनी एका दुधीवर टिचकी मारली आणि सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं बाई. लेकीनं फोनवर दुधीचा बेत सांगितला, तेव्हापासून मला धास्तीच होती. लहानपणापासून मी दुधी तोंडात घेत नाही. चार घास घरूनच खाऊन निघालेय."

सासूबाईंनी सावकाश मान वळवून सुनेकडे पाहिलं. सून एकदम वेलाची वाळकी पानं काढायला लागली. तीन दोऱ्यांचा गुण आता कुठे सासूबाईंच्या ध्यानात आला.

"असं होय, मग राहू द्या," एवढं म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण दुधीला नाव ठेवलेलं त्यांनी कधी ऐकून घेतलंय?

"दुधी आवडत नाही? तुम्ही माझा कुठं खाल्लाय!" असं म्हणून त्यांनी सगळ्यात मोठा दुधी दोऱ्यासकट खचकन तोडला.

तो चिरायला मुलाचा जोर लागला. दोन तास गॅसवर राहूनही फोडी आपल्या जागच्या हलल्या नाहीत. पानावर बसल्यावर विहीणबाईंनी एक फोड तोंडात टाकली आणि चावायला घेतली. समोर सासूबाईंनीही घेतली. बाकीचे खाली बघून जेवत होते. बराच वेळ दोघींचे जबडेच काय ते बोलत होते.

शेवटी विहीणबाईंनी ताट पुढे केलं. "वाढा अजून."

खरंच आवडला, की आपली जिरवायची म्हणून, हे विचारावंसं सासूबाईंना फार वाटलं. पण पहिली फोड अजून त्यांच्या तोंडातच होती.