नाकावरची जखम आणि कलम सात

माझे स्नायू माझ्या आधीच निवृत्त झाले. त्यामुळे गेली सहा वर्षं दिवसातले सोळा तास मी तोंडावर मास्क लावून यंत्राच्या हवेवर जगतो. यंत्राबद्दल तक्रार नाही. फक्त नाकाच्या दांड्यावर जखम झाली आहे, डोळे कोरडे पडलेत आणि पोटात हवा भरते. बायकोच्या मते नोकरीत असताना ती डोक्यात होती, आता खाली उतरली एवढंच.

जखम हाडापर्यंत पोचायला आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "नाकपुड्यांत बसणारा मास्क घ्या. हा आता लावता येणार नाही." आणि मास्कशिवाय झोपलो तर उठेनच, याची मला खात्री नाही. म्हणून तोच मास्क आणि यंत्र यांसकट बायकोने माझी चाकांची खुर्ची आरोग्य कार्यालयाच्या खिडकीपर्यंत ढकलत नेली.

कारकुनाने अर्ज चाळला. "जखम मास्कमुळेच झाली कशावरून?"

"मास्कच्याच आकाराची आहे."

"तसं चालत नाही, काका. कलम सात. पंधरा दिवस मास्क काढून ठेवा. जखम भरली, तर मास्कमुळे होती हे सिद्ध झालं."

"मग नवा मिळेल?"

"छे! पंधरा दिवस मास्कशिवाय राहिलात म्हणजे गरजच नाही. जुनाही जमा करायचा."

"आणि नाही राहिलो तर?"

"तर वारसांनी जमा करायचा."

बायको कडाडली, "कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे कलम?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागलो. याच खात्यात असताना ते कलम मीच लिहिलं होतं. त्यातल्या नेमक्या शब्दरचनेबद्दल माझा सत्कारही झाला होता.

तेवढ्यात कारकुनाने अर्जावरचं नाव वाचलं आणि तो ताडकन उभा राहिला. "साहेब, तुम्ही! मास्कमुळे ओळखलंच नाही. तुम्हाला कसलं कलम सात?"

पाच मिनिटांत नवा मास्क माझ्या मांडीवर होता, वर चहा. नियम सगळ्यांना सारखे हवेत, असं मी म्हणालो. पण मास्कच्या आतून म्हणालो, तेही हळू, त्यामुळे कुणाला ऐकू गेलं नसावं.

आमच्या मागे एक बाई मुलीला घेऊन उभी होती. मुलीच्या नाकावर तशीच जखम. कारकून तिच्या आईला समजावत होता, "पंधरा दिवस काढून ठेवा."

बायको थबकली. "अहो, बोला ना काहीतरी."

मला ती मुलगी नीट दिसलीच नाही. मास्कमधली हवा डोळ्यांत जाते, डोळे कोरडे पडतात, समोरचं धूसर होतं. दुष्परिणामच आहे तो, डॉक्टरांचा कागद आहे माझ्याकडे.

तुम्ही तर मास्क लावत नाही. मग रांगेत आपल्या मागे कोण उभं आहे, ते तुम्हाला का दिसत नाही?