उलट्या पावलांचा आराखडा

हॅलोविनच्या आठवड्यात पालकांनी वर्गात येऊन मुलांना भीतिदायक गोष्ट वाचून दाखवावी, गोष्ट छोटी आणि एका बैठकीत संपणारी असावी, अशी चिठ्ठी रुपालीच्या शाळेतून आली. हेमचंद्र देवस्थळींनी तिच्यावर तिथल्या तिथे सही ठोकली. ते मोटारींचे ब्रेक डिझाइन करणारे इंजिनिअर होते, तेव्हा वेळेवर थांबायचं कसं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

"बाबा, प्लीज डोन्ट बी विअर्ड," रुपाली म्हणाली.

तिची काळजी खरी होती. उन्हाळ्यात स्टेट कॉलेज नावाचं गाव सोडून मंडळी नोव्हाय या गावी राहायला आली होती. दोन महिने तिसरीच्या वर्गात एकटीनं डबा खाल्ल्यावर आत्ता कुठे जेनिफर नावाची एक मैत्रीण मिळाली होती. तिनं गुरुवारी संध्याकाळी घरोघर चॉकलेटं मागायला आपल्या ग्रुपमध्ये रुपालीला बोलावलं होतं. असं आमंत्रण जन्मात पहिलंच!

लायब्ररीतली भुताची बारकी पुस्तकं कधीच संपली होती. उरलेलं एक चारशे साठ पानांचं. तेवढी बैठक आजकाल कीर्तनालासुद्धा कोणी मारत नाही. हेमचंद्र हात हलवत परत आले, तेव्हा त्यांच्या सासूबाईंनीच मार्ग काढला. त्या ऑगस्टमध्ये वाईहून लेकीकडे आल्या होत्या.

"त्यात काय एवढं? आमच्या मळ्यातल्या हडळीची सांगा की. मी स्वतः बघितलीय."

"पण आई, ती खरी आहे का?"

"जावईबापू, गोष्ट सांगायचीय की साक्ष द्यायचीय?"

सोमवारी हेमचंद्रांनी अकरा मिनिटांत हडळ संपवली. मुलं रंगून गेली होती. तिथेच थांबले असते तर काही बिघडलं नसतं. पण केविन नावाच्या मुलानं हात वर केला आणि पावलं उलटी म्हणजे नक्की कशी, असं विचारलं. दुसऱ्या कुठल्याही बापानं ते हसण्यावारी नेलं असतं. हेमचंद्रांनी खडू उचलला. फळ्यावर त्यांनी पावलाचा आराखडा काढला, एक वरून, एक बाजूनं, आणि घोट्याशी एकशेऐंशी अंशांची खूण केली.

"मग तिला ओळखायचं कसं?" केविननं विचारलं.

"चेहऱ्यावरून मुळीच कळत नाही. अगदी कुणाच्याही आजीसारखी दिसते. पायच बघावे लागतात. म्हणून तर ती लांब साडी नेसते."

मुलांनी आपापले पाय बाकाखाली ओढून घेतले. रुपालीनं बाकावर डोकं टेकलं.

मंगळवारी सकाळी रुपालीच्या आईला, वसुधाला, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लवकर जायचं होतं, म्हणून नातीला बसस्टॉपवर सोडायला आजी निघाल्या. थंडी मरणाची होती. त्यांनी घाईघाईत जावयाचे लोकरी मोजे चढवले, तेही उलटे. त्यामुळे मोज्यांच्या टाचा चपलांतून पावलांवर पुढे टेंगळासारख्या उभ्या राहिल्या. गवत दवानं भिजलेलं, म्हणून आजींनी साडी वीतभर उचलून धरली. बसस्टॉपवर नेमका केविन उभा होता.

डब्याच्या सुट्टीपर्यंत बातमी सगळ्या तिसरीला कळली आणि बुधवारी दुसरीही हादरली. आजी दिसल्या की मुलं रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागली. रुपालीच्या बाईंनी तर फोन करून तुमच्या सासूबाईंच्या पायांना काही त्रास आहे का, अशी अदबीनं चौकशी केली. आणि त्याच संध्याकाळी जेनिफरनं रुपालीला सांगून टाकलं, की ग्रुपमधल्या कुणालाच तिनं बरोबर यायला नको आहे.

रुपाली रडून रडून लाल झाली. "इट्स ऑल बिकॉज ऑफ युअर ड्रॉइंग, बाबा!"

"अहो, चित्र कशाला काढलंत?" वसुधानं विचारलं.

"त्यानं शंका विचारली ना!"

"मग ठेवायची शंका तशीच! भुताचा सगळा संसार शंकेवर तर चालतो."

आजींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांचं दुःख वेगळंच होतं. "मी हसून बघितलं तरी पळतात गं, वसू. मोठ्या माणसांसमोर वाकणं तर लांबच. इथल्या पोरांना वळण म्हणून नाही. माझं तिकीट अलीकडचं करून द्या."

गुरुवारी सहा वाजता रुपाली जाड कोट घालून, वर परीचे पंख लावून जिन्यात बसली होती. रस्त्यावर पोरांचा नुसता गलका, पण देवस्थळींच्या दाराकडे कोणी फिरकत नव्हतं. चॉकलेटांचं घमेलं काठोकाठ भरलेलं. हेमचंद्रांना लेकीकडे बघवेना. आपल्या हुशारीची त्यांना खरोखर लाज वाटली.

तेवढ्यात बेल वाजली. दिवेलागणीला पाय धुऊन, देवापुढे दिवा लावून आजी नुकत्याच बाहेर आल्या होत्या. अनवाणी पायांनी त्यांनीच दार उघडलं.

बाहेर सात मुलं होती. पुढे टॉर्च घेऊन केविन, मागे जेनिफर आणि तिची आई कॅरल. हडळ बघितल्याशिवाय घरी जायचं नाही, असा पोरांनी हट्ट धरला होता. आजी उंबऱ्यावर आल्या आणि सातही जणं एकदम पायांशी वाकली.

आजींनी लगबगीनं पदर सावरला. "अगं बाई! मोठे व्हा रे, शहाणे व्हा!" त्या एकेकाच्या डोक्यावर हात ठेवू लागल्या. जेनिफरला नीट दिसेना, म्हणून ती गुडघ्यांवर बसली. तिला दोनदा आशीर्वाद मिळाला.

"दे आर स्ट्रेट!" केविन निराश होऊन ओरडला.

जेनिफर उठली आणि जिन्याकडे बघून म्हणाली, "रुपाली, आर यू कमिंग ऑर नॉट?" रुपाली अशी धावली, की एक पंख कठड्यालाच अडकून राहिला.

कॅरलचा भुताखेतांवर मुळीच विश्वास नव्हता. पण एवढं आलोच आहोत तर बघून घ्यावं, म्हणून तीही हळूच वाकली. आजींनी तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव!"

"काय म्हणाल्या त्या?" कॅरलनं कौतुकानं विचारलं.

"तुम्हाला आठ मुलगे होवोत," हेमचंद्रांनी चोख भाषांतर केलं.

कॅरलला चार मुलगे होते आणि पाचवी जेनिफर. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

तिचा गोंधळ हेमचंद्रांच्या लक्षात आला; जेनिफरला चार भाऊ आहेत हे रुपालीनं त्यांना सांगितलं होतं. "नाही नाही, एकूण आठ," ते धीर देत म्हणाले. "म्हणजे तुमचे आता चारच राहिले."

कॅरलनं एका हातानं जेनिफरला, दुसऱ्यानं रुपालीला धरलं आणि मागे वळून न बघता ती फाटकाकडे पळत सुटली.

आजी कौतुकानं बघत राहिल्या. "लाजली बिचारी," त्या म्हणाल्या. "वसू, तिकिटाची घाई नको गं. इथल्या आयासुद्धा वळणाच्या आहेत."